भाड्याची जुनी मोटार घरी आणावी का?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात आजवर लोणची-मसाले, आहार, बचत, मुलांचे शिक्षण अशा विषयांवर पुष्कळ बोलणे झाले. मोटारीवर बाईमाणसाने बोलावे हे काहीजणींना चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या वर्षभरात आपल्याच आळीत चार घरी 'टुरिस्टची जुनी गाडी स्वस्तात मिळते आहे, घेऊ का?' हा प्रश्न निघाला, आणि चारही घरी त्यासाठी जो पैसा काढावयाचा होता तो बायकांच्या भिशीतला, ठेवीतला, नाहीतर अंगावरच्या दागिन्यांतला होता. पैसा आपला, आणि त्याचा विचार मात्र चौकातल्या टपरीवर होणार, हे काही बरे नव्हे. म्हणून अध्यक्षबाईंनी हा विषय काढला आणि मला बोलावयास सांगितले. माझ्या धाकट्या भावाने २००७ पासून २०२१ पर्यंत टुरिस्ट गाडी चालवली, त्यामुळे या धंद्याची आतली बाजू मला थोडी ठाऊक आहे. शिवाय गेल्या पावसाळ्यात आमच्या घरीही हाच प्रश्न येऊन बसला होता.

'भाड्याची गाडी' हा एकच प्रकार नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. पाटीच्या रंगावरून ते कळते. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असली म्हणजे घरगुती गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असली म्हणजे ड्रायव्हरसह भाड्याने फिरणारी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असली, तर ती गिऱ्हाइकाने स्वतः चालवावयाची भाड्याची गाडी. गोव्याला जाऊन आलेल्यांनी या काळ्या पाट्या पुष्कळ पाहिल्या असतील. आणि चौथा एक प्रकार आहे, तो सर्वांत वाईट. पाटी पांढरी, कागदोपत्री घरगुती, पण मालकाने चोरून भाड्याने फिरवलेली. तिला भाड्याची म्हणून कोणी सांगत नाही, आणि किंमत मात्र घरगुती गाडीची मागतात.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचेही कोणी विचारले होते. तिला तेथे वीस वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळेच शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्ता सोडला. वीस वर्षे मुंबईत राबलेली गाडी आठवण म्हणून ठेवण्यापलीकडे आपल्या कामाची नाही. तो विषय येथेच संपला.

आता या गाड्यांचे स्वभाव पाहू. जी गाडी मालक स्वतः चालवतो, ती त्याच्या घरची दुभती म्हैस असते. माझा भाऊ इंजिनचे तेल कोणत्या तारखेला बदलले, टायर कधी फिरवले, ब्रेकचे पॅड किती किलोमीटरला गेले, हे सारे एका वहीत लिहीत असे. गाडी एक दिवस उभी राहिली तर चूल अडत होती, त्यामुळे दुखणे वाढू देणे त्याला परवडणारे नव्हते. एखाद्या मालकाच्या दहा गाड्या असतात आणि पगारी ड्रायव्हर बदलत राहतात. तेथे ड्रायव्हरला गाडीचे दुखणे सांगण्याचा कंटाळा आणि मालकाला ऐकण्याचा. आणि काळ्या पाटीची गाडी म्हणजे मंगल कार्यालयातले पातेले. रोज नवा हात, आणि घासताना-आपटताना कोणाचाच जीव तुटत नाही. कोणी क्लचवर पाय ठेवून चढ चढतो, कोणी नुकताच शिकलेला असतो, कोणी खड्डा पाहूनही वेग कमी करत नाही. बाहेरून ती दर आठवड्याला धुऊन-पुसून लखलखीत केलेली असते, पण वरून कीर्तन आतून तमाशा.

किलोमीटरचा हिशेब मात्र कोणत्याही प्रकारात टाळता येत नाही. टुरिस्ट गाडी दिवसाला १५० किलोमीटर आणि वर्षात ३०० दिवस चालली असे धरले, तर वर्षाला ४५,००० किलोमीटर होतात. तीन वर्षांत १,३५,०००. घरची गाडी वर्षाला १०,००० चालली तर एवढे अंतर कापावयास तिला साडेतेरा वर्षे लागतील. म्हणजे कागदावर तीन वर्षांची तरुण दिसणारी गाडी कामाने साडेतेरा वर्षांची झालेली असते. हे ऐकून पुष्कळजणी म्हणतील की मग विचारच नको. परंतु दुसरी बाजूही आहे. पुण्याला-मुंबईला एका दमात जाऊन येणारी गाडी गरम झालेल्या इंजिनावर संथ चालते, आणि इंजिनाची झीज त्यात कमी होते. गल्लीतून बाजारात, बाजारातून शाळेत, असे दिवसातून आठ वेळा थंड इंजिन सुरू करून बंद करणाऱ्या घरगुती गाडीचे इंजिन त्या मानाने जास्त कष्ट सोसते. झिजतात ते क्लच, खालचे सांधे, शॉकअब्सॉर्बर, दारांच्या बिजागऱ्या आणि गाद्या. यातले बहुतेक बदलता येते. बदलण्याचा खर्च किमतीतून आधी वजा करून घ्यावयाचा, एवढेच.

हे लोक गाडी विकतात का, हेही विचारावे. वाईट म्हणूनच विकतात असे नाही. परवान्याला गाडीच्या वयाची मर्यादा असते. पुष्कळ कंपन्यांच्या कंत्राटात अमुक वर्षांपेक्षा जुनी गाडी चालत नाही. भाड्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो, तो खर्च आणि हेलपाटा नको म्हणून काहीजण विकतात. आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर हप्ते थकल्यामुळे कितीतरी चांगल्या गाड्या लोकांनी डोळ्यांत पाणी आणून विकल्या. त्यांतली एक माझ्या भावाची होती. तिच्याविषयी पुढे सांगते.

आता आमच्या घरचे. माझ्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत, आणि आठवड्यातून दोनदा त्यांना मिरजेहून सांगलीला डायलिसिसला न्यावे लागते. रिक्षावाला जाऊन-येऊन आणि थांबून सहाशे रुपये घेतो. आठवड्याचे बाराशे, वर्षाचे ६२,४००. थोरला मुलगा म्हणाला, 'आई, पाच वर्षांत तीन लाख रिक्षाला जातील, त्यापेक्षा टुरिस्टची गाडी घेऊ.' ऐकावयास हे गोड वाटते. मी कागद घेऊन बसले. गाडी घेतली म्हणजे पेट्रोल, विमा, तेलपाणी, टायर मिळून वर्षाला तीस-पस्तीस हजार तरी जाणारच. म्हणजे वाचणार सुमारे तीस हजार. साडेतीन लाखांची गाडी वसूल व्हावयास बारा वर्षे लागतील, आणि तेवढी ती टिकेल याची हमी कोण देतो? नुसत्या हिशेबाने पाहिले तर आमच्यासारख्या घराला गाडी परवडत नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण टपरीवर हा हिशेब कोणी करत नाही.

मग आम्ही विचार पुढे का नेला? जुलै महिन्यात एका रात्री दोन वाजता सासूबाईंना धाप लागली. पाऊस कोसळत होता. रिक्षा मिळावयास पाऊण तास लागला. त्या पाऊण तासाची किंमत कोणत्या रकान्यात मांडावयाची ते मला कळेना. माझ्या चार पाटल्या होत्या. मी घरात सांगितले की दोन मोडते, चार नाही. दोन पाटल्या आणि साठवलेली भिशी यांत जी गाडी बसेल ती पाहा, आणि मी पाहिल्याशिवाय विसार द्यावयाचा नाही.

पहिली गाडी दाखवली ती पांढऱ्या पाटीची. विकणारा दलाल म्हणाला, 'वहिनी, मास्तरांची गाडी आहे, रविवारशिवाय बाहेर निघाली नाही.' मीटरवर ६२,००० किलोमीटर. रंगाला नुकतेच पॉलिश केलेले. पुरुषमंडळी बॉनेट उघडून आत पाहू लागली; मी मागच्या दाराशी गेले. आपल्याकडे उतारू रस्त्याच्या डाव्या कडेने चढतात-उतरतात. घरच्या गाडीचे मागचे डावे दार दिवसातून एकदा-दोनदा उघडते, भाड्याच्या गाडीचे वीसदा. त्या दाराची मूठ झिजून गुळगुळीत झाली होती आणि दार उघडताच बिजागरीवर किंचित खाली बसत होते. मागच्या गादीचा डावा भाग दबलेला. डिकीच्या काठावर बॅगा घासल्याचे ओरखडे. आणि समोरच्या फळीवर, काहीतरी बसवून काढून टाकल्याची चार बारीक भोके, वरून काळे मेण भरलेली. मास्तर रविवारी एवढे उतारू कोठून आणत होते? मुलाने गाडीचा नंबर कंपनीच्या कामकाज केंद्रात दिला, तेव्हा दोन वर्षांपूर्वीच तेथील नोंदीत १,१८,००० किलोमीटर निघाले. आजकाल मीटर आकड्यांचा असला तरी संगणक जोडून तो मागे नेता येतो. म्हणून मीटरवर विश्वास ठेवू नका. ब्रेक-क्लचच्या पॅडलचे रबर, स्टिअरिंगची चकाकी आणि ड्रायव्हरच्या गादीचा उजवा काठ पाहा. जुनी पैठणी घेताना आपण पदर पाहत नाही, घडीच्या जागा पाहतो, तसेच हे.

दुसरी गाडी गोव्याची, काळ्या पाटीची. किंमत ऐकून मुलगा हरखला होता. चारही कोपऱ्यांना ठोकून सरळ केल्याच्या खुणा होत्या, पण मला त्याहून मोठी अडचण वेगळी वाटली. परराज्यातली गाडी येथे कायमची ठेवावयाची म्हणजे तिकडचा ना-हरकत दाखला, येथे पुन्हा कर, येथला नवा नंबर, आणि त्याआधी भाड्याची नोंद काढून घरगुती करणे. इतक्या ओंजळी पाणी घालून ती स्वस्त राहत नाही. ती गाडी मी सुरूसुद्धा करून पाहू दिली नाही.

तिसरी गाडी पिवळ्या पाटीची होती. २०१९ सालची, पेट्रोलवरची, एका कारखान्याच्या माणसांना ने-आण करणारी. मालक स्वतः चालवत असे. मीटर १,४६,०००, आणि त्याने ते लपवले नाही. भावासारखीच वही त्याच्याकडे होती. ती पाहून मला पहिल्यांदा धीर आला. कागदावर गाडीच्या नावापुढे 'टूर' असे लिहिलेले होते. मारुती कंपनी टॅक्सीसाठी म्हणून जी डिझायर विकते तिला हे नाव आहे. तुम्हाला कोणी घरगुती म्हणून दाखवली आणि कागदावर 'टूर' निघाले, तर पुढे बोलूच नका.

ही गाडी पाहताना आम्ही घाई केली नाही. सकाळी सात वाजता गेलो आणि आधी बॉनेटवर हात ठेवला. ते थंड हवे. गरम असेल तर गिऱ्हाईक येण्यापूर्वी गाडी सुरू करून ठेवलेली असते, आणि थंडीतले खोकणे आपल्याला ऐकू येत नाही. मिरजेत तंबोरे करणारी माणसे भोपळ्यावर टिचकी मारून आतले ओळखतात. आमचा मेस्त्री तसाच कान लावून पाच मिनिटे नुसता उभा राहिला. मागून निळसर धूर आला तर इंजिन तेल खाते. तेलाच्या झाकणाखाली दुधासारखी साय दिसली तर तेलात पाणी शिरले. मग दंडोबाच्या बाजूला चढावर नेऊन पाहिली. मेस्त्री आपला असावा, विकणाऱ्याने आणलेला नव्हे, आणि त्याला पैसे द्यावेत. आम्ही आठशे दिले. फुकट पाहणारा माणूस भिडेने बोलतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावीच लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत सांगली-कोल्हापूरकडच्या पुष्कळ गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या पुसून-वाळवून आजही विकावयास येतात. आसनाचा पट्टा पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला गाळाचा डाग असला तर गाडी पुरातली. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्या. ओल्या गोधडीचा वास आपल्याला ओळखता येणार नाही तर कोणाला?

टायरवर चार आकडे एका चौकोनात असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झालेला टायर. मीटरवर तीस हजार आणि गाडीवर तिसरा टायर, असे असले तर काय समजायचे ते तुम्ही जाणताच.

मेस्त्रीने क्लचप्लेट, खालचे दोन सांधे आणि दोन टायर मिळून ३१,००० चा खर्च सांगितला. मालक ३,६०,००० मागत होता. त्याच सालच्या घरगुती गाड्या आम्ही पाहिल्या होत्या, त्या पावणेपाच लाखांच्या खाली नव्हत्या. भाड्याची गाडी घरगुतीपेक्षा निदान चौथ्या हिश्शाने स्वस्त मिळाली तरच घ्यावी असे माझे मत आहे; त्याहून कमी फरकासाठी एवढे ओझे डोक्यावर घेऊ नये. पावणेपाच लाखांतून चौथा हिस्सा गेला म्हणजे ३,५६,२५०. सौदा शेवटी ३,३०,००० वर आला. त्यात दुरुस्ती मिळवली तर ३,६१,०००. लोक म्हणतात दीड लाख वाचले. खरे वाचले ते एक लाख चौदा हजार. त्यातलेही वीस हजार मी पहिल्या वर्षाच्या दुखण्यासाठी वेगळ्या डब्यात ठेवले आहेत. पुढे विकावयाची वेळ आली तर किंमतही कमी येणार, कारण ती मुळात टॅक्सी होती हे कागद सांगतातच.

आता कागदांचे. येथे बायका कंटाळतात, पण नुकसान येथेच होते.

पिवळ्या पाटीची गाडी तशीच घरी आणून उभी करता येत नाही. परवाना आर.टी.ओ.त परत करावा लागतो, भाड्याची नोंद बदलून घरगुती करून घ्यावी लागते, कराचा जो फरक निघेल तो भरावा लागतो, आणि मग पाटी पांढरी होते. घरगुती झाली की नोंदणी पहिल्या तारखेपासून पंधरा वर्षांपर्यंत चालते, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. हे सर्व विकणाऱ्याने करून द्यावे, आणि ते झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. 'तुम्ही घ्या तर खरं, एजंट करून देईल' असे म्हणणारे बरेच भेटतात. गरजवंताला अक्कल नसते हे त्यांना ठाऊक असते. आम्ही पन्नास हजार विसार दिला, नोंद घरगुती झाल्यावर बाकीची रक्कम दिली, आणि पंचवीस हजार मात्र आमच्या नावाचे कार्ड हातात पडेपर्यंत मागे ठेवले. याला दीड महिना लागला. मालक कुरकुरला, पण त्याचे काम सचोटीचे होते म्हणून थांबला.

गाडीवर कर्ज असेल तर नोंदणीच्या कागदावर बँकेचे नाव असते. कर्ज फिटले हे तोंडाने सांगून चालत नाही. बँकेचा दाखला आणि नमुना ३५ भरून ते नाव काढून घ्यावे लागते. सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर घातला की नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा कधीपर्यंत आहे ते दिसते. न भरलेली ई-चलाने वेगळी पाहावी लागतात. एका गाडीवर एवढी चलाने निघाली की मुलगा मोजता मोजता थकला.

२०१९ पासून नोंदलेल्या भाड्याच्या गाड्यांत गाडी कोठे आहे ते कळवणारे यंत्र आणि संकटाचे बटण बसवावे लागते. ते कोठे होते, काढल्यावर तारा नीट बांधल्या की लोंबकळत ठेवल्या, ते मेस्त्रीकडून पाहून घ्या. तसेच या गाड्यांना ताशी ८० किलोमीटरवर अडवणारे यंत्र असते. नोंद बदलताना ते काढून घेता येते. आमच्या सासूबाईंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, 'राहू दे गं, ऐंशीच्या पुढं जाऊन मला काय करायचंय?'

आता माझ्या भावाचे सांगते, कारण आपल्यातल्या काहींच्या घरी गाडी घेणारे नसतील, विकणारे असतील.

टाळेबंदीत त्याचे उत्पन्न थांबले. हप्ते थांबले नाहीत. २०२१ साली त्याने गाडी विकून कर्ज फेडले. घेणाऱ्याने पैसे रोख दिले, सह्या घेतल्या, आणि 'पुढच्या आठवड्यात नावावर करून घेतो' म्हणून गाडी नेली. तो आठवडा अकरा महिने चालला. या काळात गाडी कोठे कोठे फिरत होती ते भावाला चलानांच्या निरोपांवरून कळायचे. आज सोलापूर रस्ता, उद्या आणखी कोठे. दंडाचे पैसे ही लहान गोष्ट होती. माझी भावजय रात्री फोन वाजला की उठून बसायची. गाडीने कोणाला उडवले तर? २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केले आहे की, गाडी विकली असली तरी जोवर आर.टी.ओ.च्या नोंदीत जुन्या मालकाचे नाव आहे, तोवर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते. गाडी हातात नाही, पैसे कर्जात गेलेले, आणि कोणा अनोळखी माणसाच्या पायाखालच्या ब्रेकवर आपले घर टांगलेले, अशी त्या दोघांची अवस्था होती. शेवटी भावाने माणूस शोधून काढला, दोन दिवस त्याच्या दारात बसला, आणि सोबत जाऊन नाव बदलून घेतले.

म्हणून विकणाऱ्याने नमुना २९ आणि घेणाऱ्याने नमुना ३० भरावयाचा असतो हे लक्षात ठेवा. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवावे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करावा असा कायदा आहे. विकणारी असाल तर किल्ली देण्यापूर्वी अर्ज भरला गेला आहे हे डोळ्यांनी पाहा. 'विश्वास नाही का?' असे कोणी विचारले तर खुशाल नाही म्हणा. विम्याचेही तसेच. घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यावा, आणि तो घरगुती गाडीचा विमा आहे ना ते पाहावे. जुन्या मालकाची दावा न केल्याबद्दलची सूट आपल्याला मिळत नाही, ती त्याच्याबरोबर जाते.

मग घ्यावी की न घ्यावी? माझे उत्तर घर पाहून बदलते. आमचे फिरणे वर्षाला पाच हजार किलोमीटरसुद्धा होणार नाही. एवढ्या थोड्या वापराला, मालकाने स्वतः चालवलेली, वही असलेली गाडी पुष्कळ वर्षे पुरेल. परंतु ज्या घरी मुलगा रोज कोल्हापूरला नोकरीला जाऊन-येऊन करणार आहे, त्या घराने दीड लाख चाललेल्या गाडीवर आणखी लाखाचा भार टाकू नये. त्यांनी कमी सोयींची का होईना, घरगुती वापरातली घ्यावी. काळ्या पाटीची मी कोणालाच सुचवणार नाही. आणि ज्यांना केवळ दारात गाडी दिसावी म्हणून घ्यावयाची आहे, त्यांच्यासाठी माझ्याकडे हिशेब नाही.

मागच्या रांगेतून सीएनजीविषयी विचारले आहे. भाड्याच्या गाड्यांत ती बरीच मिळते आणि चालवावयास स्वस्त पडते हे खरे. पण टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी करून घ्यावी लागते. त्या तारखेचा दाखला मागा, नसेल तर तो खर्च किमतीतून कमी करा. आमच्यासाठी ती बाद झाली ती वेगळ्या कारणाने. डिकीत टाकी बसली की सासूबाईंची चाकांची खुर्ची मावत नाही. मुलाने सगळे आकडे काढले होते, खुर्ची मात्र मोजली नव्हती. टेप घेऊन जा.

आणि सुमतीकाकूंनी विचारले की एवढे सगळे करून रात्री दोन वाजता ती चालवणार कोण, मुलगा तर पाळीवर असतो. बरोबर विचारले. घरगुती गाडीच्या परवान्याला शाळेची कोणतीही इयत्ता लागत नाही. मी सातवी शिकलेली आहे. चाळिशी उलटल्यामुळे डॉक्टरांचा दाखला जोडावा लागला, संगणकावर परीक्षा झाली, आणि अठरा दिवसांपूर्वी मला शिकाऊ परवाना मिळाला. पक्क्यासाठी तीस दिवस थांबावे लागते, त्यांतले बारा राहिले आहेत. तोपर्यंत सकाळी सहा वाजता मिशनच्या मैदानामागच्या रस्त्याला मुलगा शेजारी बसतो आणि मी चालवते. उलटी घेणे अजून जमत नाही.